चढून राहिलेलं नाव

यंदाही रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला आहे. अकोल्याहून तेल्हाऱ्याकडे निघालं, की मार्गशीर्षात हे हमखास दिसतं. कापसाने ओसंडणाऱ्या गाड्या कडेच्या झाडांना घासत जातात आणि प्रत्येक काटा आपल्यापुरता एक पुंजका ठेवून घेतो. दुपारच्या उन्हात त्या पुंजक्यांच्या कडा पेटल्यासारख्या दिसतात. गाडीची काच खाली केली, की आधी सरकीचा तेलकट वास आत येतो, त्याच्यामागून तुरीच्या हिरव्या शेंगांचा, आणि मग घशात ती ओळखीची बारीक खवखव. कॅलेंडर पाहावं लागत नाही. या खवखवीनेच मला दरवर्षी कळतं, की वेचणी सुरू झाली.

काळ्या मातीवर कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळी, ओळींत वाकलेल्या बायका, वेचलेला कापूस भरायला त्यांच्या कमरेला बांधलेल्या ओट्या. बोंड उमलून कापूस बाहेर डोकावतो तेव्हा बोंडाची टोकं वाळून सुईसारखी झालेली असतात. वेचणाऱ्या बाईची बोटं त्या सुयांच्या मधून जातात आणि कापूस घेऊन परततात. हंगामाच्या शेवटी त्या बोटांना मी हात लावला आहे. नखांच्या कडेने बारीक चिरा, आणि त्या चिरांत काळी माती अशी बसलेली, की मेंदीच काढली आहे असं वाटावं.

वेचणीचे हंगाम येतात नि जातात. त्यांतला एक मात्र माझ्यात राहून गेला. त्याचा वास वेगळा आहे, आवाज वेगळा आहे, आणि तो आठवला की मला आजही हसू येतं, पण नुसतं हसू नाही.

त्या वर्षी मी अकोल्याच्या एका कॉलेजात कविता शिकवत होते, आणि सुट्टीच्या दिवशी एका परदेशी निधीसाठी थोडं काम करत होते. जगभरात बायकांच्या हक्कांसाठी झटणारे लहान लहान गट असतात. त्यांना हा निधी मदत देई. मोठ्या संस्थांकडे इंग्रजी लिहिणारी माणसं असतात, लहान गटांकडे नसतात, म्हणून त्या निधीने दोन रीती पाडल्या होत्या. दोन्ही मला फार आवडत. पहिली अशी, की अर्ज लिहायचा नाही, बोलायचा. आपल्या भाषेत, मोबाइलवर, जमेल तसं बोलून पाठवून द्यायचं. दुसरी रीत त्याहून न्यारी. पहिल्या चाळणीतून रांगेत आलेल्या गटांनीच एकमेकांचे आवाज ऐकायचे आणि कोणाला आधी मिळावं ते सांगायचं. स्वतःसाठी मात्र मत देता येत नसे. वऱ्हाडातल्या गटांकडे जायचं, त्यांना ही रीत समजावून द्यायची, रेकॉर्डिंग करून पुढे धाडायचं, एवढं माझं काम. आवाजांचा इंग्रजी अनुवाद पुण्यात होई.

तेल्हाऱ्याच्या गटाकडे एक खोली होती. पिठाच्या गिरणीमागे, गिरणीच्याच मालकाची. मधली भिंत एक असल्यामुळे गिरणी सुरू झाली, की भिंतीला टेकून बसलेल्या बाईच्या पाठीतून थरथर जाई, आणि खिडकीच्या गजांवर ज्वारीच्या पिठाचा पातळ थर कायमचा. त्या पिठाचा कोरडा, गोडसर वास खोलीला होता. आत एक सतरंजी, एक माठ, एक आरसा. आणि मागच्या बाजूला आतून कडी लागणारं संडास-मोरी. या कडीचं मोल ज्याला कळत नाही, त्याने एखाद्या बाईबरोबर तहसिलीत एक दिवस काढावा. तालुक्याच्या गावी कामाला आलेला पुरुष टपरीवर बसतो, पारावर बसतो, कोणाच्याही ओट्यावर बसतो. बाई उभी राहते. तहान लागली तरी पाणी पीत नाही, कारण पुढचं कुठे करायचं? दुपारी साहेब ‘उद्या या’ म्हणतात आणि ती वाळल्या तोंडाने परतीची बस धरते. अशा काही खेपा झाल्या, की तिचं हक्काचं काम तिथेच थांबतं. कोणी नकार दिलेला नसतो, कोणी हाकललेलं नसतं. थांबतं, एवढं खरं.

तुळसाबाईंनी ही खोली घेतली होती ती याचसाठी. तुळसाबाई गटाच्या म्होरक्या. उंच, पन्नाशीच्या, चालताना एक खांदा किंचित पुढे काढणाऱ्या. त्यांचा ‘जयभीम’ गिरणीच्या आवाजावरूनही ऐकू येई.

आणि त्या खोलीत सगळ्यांत जास्त वेळा येणारी नंदा. तिचा नवरा तापाने गेला होता. त्याच्या वाट्याच्या वावरावर वारस म्हणून तिचं नाव लागायला हवं होतं, पण मोठ्या दिराने हरकत घेतली, प्रकरण तहसिलीत गेलं आणि तारखांमध्ये अडकलं. तोवर वावर दिराच्या ताब्यात. वेचणीला नंदा त्याच वावरात जायची, दिराची मजूर म्हणून. वावराच्या ज्या तासांतून, म्हणजे पेरणीच्या ओळींतून, ती नवऱ्यामागे सरकी टोबत चालली होती, त्याच तासांतून आता दुसऱ्याच्या रोजाने. ‘थो माह्यी थकाची वाट पाहून राहिला,’ ती दिराबद्दल म्हणायची. रागाने नाही. हवामान सांगावं तसं.

त्या हंगामात गिरणीवाल्याने निरोप दिला होता, की पुढच्या वर्षाच्या भाड्याची सोय दिसत नसेल तर संक्रांत झाल्यावर खोली मोकळी करा, मला तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं आहे. वाईट माणूस नव्हता तो. पण खोली गेली असती तर नंदाच्या गावाहून येणारी एकुलती एक बस, मग संध्याकाळपर्यंतचं उभं राहणं, हे सगळं तिला एकटीने पेलावं लागलं असतं. एक तारीख चुकली असती, मग दुसरी. दिराला तेवढंच हवं होतं. निधीकडे आम्ही मागत होतो ती खोली, आणि त्या खोलीला टेकून उभं होतं नंदाचं नाव.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी सतरंजीवर फोन ठेवला आणि म्हटलं, “बोला तुळसाबाई.”

“कोनाले बोलू? समोर तं भिंत हाये.”

“फोनला बोला. पलीकडे एक बाई ऐकणार आहे.”

“थिले मराठी येते काय?”

“नाही येत.”

“मंग थिले काय समजन, कप्पाळ?”

बायका हसल्या. पण तुळसाबाईंनी पदर नीट केला, जसा काही फोन पाहतच होता, आणि घसा खाकरून सुरुवात केली. “जयभीम, रामराम. आमी तेल्हाऱ्याच्या बाया. आमी आमच्या हक्कासाठी लढून राहिलो. तहसिलीत जाऊन राहिलो, ठाण्यात जाऊन राहिलो. ज्या बाईले कोनी नाई, थिच्यासंगं आमी बसून राहिलो.” मग फोन नंदाकडे गेला. तिला आधी खोकला आला, कापसाचा. “मी नंदा,” ती म्हणाली, “या बाया संगं हायेत म्हनून माह्यं नाव सातबाऱ्यावर चढून राहिलं.” एवढंच बोलली आणि तापल्या तव्यावरून हात काढावा तसा तिने फोन सोडून दिला.

“झालं?” तुळसाबाईंनी विचारलं.

“झालं.”

“मले वाटलं लय मोठं रामायण राहीन.”

मला त्या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही. कसं वाटणार? ती माझ्या आईची भाषा होती. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये माझं लहानपण गेलं. शंटिंगच्या इंजिनांचे सुस्कारे, डब्यांना डबे भिडल्याचा तो लांबत जाणारा धडधडाट, आणि त्यातून वाट काढत स्वयंपाकघरातून येणारी आईची हाक: “काय करून राहिली वो?” माझं उत्तर ठरलेलं: “अभ्यास करून राहिली.” प्रत्यक्षात मी खिडकीच्या गजाला गाल लावून मालगाड्या पाहत असे. गज थंड असे आणि त्याला लोखंडाची चव असे. आईला ते ठाऊक होतं. तिच्या हाकेत चौकशी कमी आणि सोबत जास्त होती. मी इथे आहे, तू तिथे आहेस, दोघींचं काहीतरी चाललेलं आहे, एवढंच ती सांगत असावी.

पुढे एम.ए.साठी पुण्याला गेले. होस्टेलवर पहिल्याच संध्याकाळी एक मुलगी दारात आली. मी ताटावरून म्हटलं, “थांब जरा, मी जेवून राहिली.” ती गोंधळली. “जेवून कुठे राहिलीस? इथेच ना?” खोलीभर हसू उसळलं. त्या मुली पुढे माझ्या जिवाभावाच्या झाल्या, पण ते क्रियापद मी त्या संध्याकाळी ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं. पुण्याच्या कानाला ‘जेवून राहिली’ म्हणजे जेवण आटोपून मुक्कामाला थांबली. आमच्या वऱ्हाडी कानाला त्याच वाक्यात ताटात भाकरी शिल्लक असते, घास हातात असतो, आणि आई अजून वाढत असते. तेच शब्द. एकीकडे काम उरकलेलं, दुसरीकडे ऐन भरात.

निधीचं उत्तर आलं तेव्हा पौष लागला होता. पहाटे दंव इतकं पडे, की वेचणीला जायला ऊन चढण्याची वाट पाहावी लागे. ओला कापूस कोणी घेत नाही. उत्तर मराठीतही होतं आणि त्यातला पहिला शब्द होता ‘अभिनंदन’. रेखा ही गटातली सगळ्यांत उतावळी बाई. तिने तो एकच शब्द वाचला आणि थेट मिठाईच्या दुकानात गेली. मी पोचले तेव्हा खोलीत पेढ्यांचा, वेलचीचा आणि पिठाचा मिळून एक सणासारखा वास होता. कोणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला, कोणीतरी फोन माझ्या हातात दिला. पेढा विरघळत असताना मी पुढचं वाचू लागले, आणि मग पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

तुम्ही तुमच्या हक्कांसाठी लढलात, त्यात लिहिलं होतं. तहसिलीत गेलात, ठाण्यात गेलात, एकट्या पडलेल्या बायकांसोबत बसलात, आणि नंदाताईंचं नाव अखेर जमिनीच्या कागदावर चढलं, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. तुमचं काम पूर्णत्वाला गेलेलं असल्यामुळे, ज्यांचा लढा अजून चालू आहे अशा गटांना आम्ही या वेळी पुढे घेत आहोत.

मी मोठ्याने वाचलं. भिंतीपलीकडे गिरणी चालू होती, आणि भिंतीला टेकलेल्या बायकांच्या पाठींतून तेवढी थरथर जात राहिली.

सगळ्यांत आधी हसली ती नंदा.

“तथी चढलं म्हनते माह्यं नाव?”

“त्यांना तसं वाटलं आहे.”

“अन् इथी तलाठी म्हनते, बाई, साइट बंद हाये.” तिने पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. “ताई, तथंचाच सातबारा काढून आना ना मंग!”

तुळसाबाई हसल्या नाहीत. “आमी संपलो हे कोनं सांगतलं थ्याईले?”

“तुम्हीच सांगितलं. लढून राहिलो म्हणालात ना?”

“मंग? लढूनच राहिलो ना!”

“पुण्याकडे त्याचा अर्थ होतो, लढलो आणि मग राहिलो.”

“राहिलो म्हंजे? कोठी राहिलो?”

मला होस्टेलचं ते दार आठवलं. एवढ्या वर्षांनी तोच प्रश्न उलट्या दिशेने येऊन माझ्यासमोर उभा होता. तेव्हा त्यावर हसता आलं होतं. या वेळी त्या एका ‘राहिलो’वर एक खोली उभी होती.

“पेढे वापस घेते काय थो दुकानवाला?” रेखाने हळूच विचारलं. तिने उरलेल्यांचं खोकं बंद करून दोरीची गाठ पुन्हा मारलेली मी पाहिली.

आजही मी विचार करते, की चूक अशी कोणाचीच नव्हती. पुण्यात अनुवाद करणारी मुलगी, ईशा तिचं नाव, प्रत्येक शब्द जपून नेत होती. निधीतल्या बाई प्रत्येक शब्द जपून वाचत होत्या. तेल्हाऱ्याचा आवाज पुण्याला पोचला, पुण्याहून समुद्रापार गेला, आणि या सगळ्या प्रवासात त्याचा एकही शब्द सांडला नाही. सांडलं ते शब्दांच्या आतलं चालू असणं. कविता शिकवताना मी मुलांना सांगत असे, की काळ हा क्रियापदाचा श्वास आहे. वर्गात ते वाक्य शोभून दिसे. त्याचा खरा अर्थ मला त्या खोलीत कळला, जिथे एका बाईचं नाव व्याकरणात लागलं होतं आणि वावरात लागलं नव्हतं. आणि असंही मनात येतं, की हक्काचं असंच होत असतं. लांबून पाहणाऱ्याला तो मिळालेला दिसतो. कायद्यात आहे, छापून आलेला आहे, पोरीबाळींना शाळेत शिकवतात. जवळ जावं तर कोणीतरी अजून दारात उभं असतं.

मी त्याच दिवशी ईशाला फोन केला. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग नुसतं “अगं बाई” म्हणाली. आणि पुढे तिनेच सुचवलं, की निधीच्या बाईंशी समोरासमोर बोलूया, पडद्यावर.

ठरल्या दुपारी मी लॅपटॉप नेला. तुळसाबाई गिरणीवाल्याकडे जाऊन तासभरासाठी गिरणी बंद करायला सांगून आल्या. “फॉरेनची बाई येऊन राहिली,” एवढं त्यांनी सांगितलं असावं, कारण तोही केसांवरचं पीठ झटकून दारात येऊन उभा राहिला. पडदा उजळेपर्यंत हात रिकामे कशाला ठेवायचे, म्हणून बायकांनी तुरीच्या शेंगा मध्ये ओतल्या होत्या. नखाने शिवण उसवावी तशी शेंग उघडत होती, आणि सोले म्हणजे हिरवे दाणे परातीत पडण्याचा तो बारीक, टपटप आवाज. कोवळ्या शेंगेचा तुरट-हिरवा वास खोलीभर झाला होता.

पडद्यावर आधी ईशा आली, मग निधीच्या बाई. पांढरे केस, जाड स्वेटर, मागच्या खिडकीत बर्फ. इतका बर्फ पाहून रेखा पुटपुटली, “सारं वावर फुटलं वो थ्याईचं, वेचाले कोनी नाई.”

ईशाने अवघडून सुरुवात केली. “तुळसाबाई, मी तुमचं बोलणं चुकीचं समजले. म्हणजे तुमचं काम अजून...”

तुळसाबाईंनी हातातली शेंग पडद्यासमोर धरली. “पोरी, मी आता काय करून राहिली?”

“शेंगा सोलताय.”

“आमी काय म्हनतो? शेंगा सोलून राहिली. आता सांग, झाल्या काय सोलून?” त्यांनी न सोललेल्या शेंगांची टोपली उचलून पडद्यापुढे तिरपी केली.

“नाही झाल्या.”

“कवा होतीन?”

“अजून बराच वेळ लागेल.”

“हां! तसंच थे वावर, तसंच थे नाव.”

ईशा खळखळून हसली, आणि हसतच तिने ते इंग्रजीत सांगितलं. पलीकडच्या बाईंनी मान किंचित कलती करून ऐकलं. मग त्यांनी विचारलं, आणि ईशाने ते मराठीत आणलं: “मग एखादी गोष्ट खरोखर संपली, तर तुम्ही काय म्हणता?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हा काय प्रश्न, असं काहीसं. नंदाने परातीवरून मान वर न करता उत्तर दिलं. “झालं म्हनतो. पन म्हनाची पाळी तं येऊ द्या, बाई.”

त्या बाईंनी तेल्हाऱ्याचा अर्ज परत रांगेत घेतला. आता त्या रांगेतल्या इतर गटांचे आवाज आम्ही ऐकायचे होते आणि कोणाला आधी मिळावं ते सांगायचं होतं. आवाज मूळचे, सोबत इंग्रजी अनुवाद. मी आधी आवाज लावी, मग वाचून दाखवी. न कळणाऱ्या भाषेतला आवाजसुद्धा बायका किती लक्ष देऊन ऐकत! एक आवाज समुद्रकाठच्या बायकांचा होता. त्यांची मासे वाळवायची जागा कोणीतरी कुंपण घालून बळकावली होती. दुसरा शिवणकाम शिकवणाऱ्या एका गटाचा. तिसरा फार उंचावरच्या, थंड डोंगरांतल्या एका बाईचा. बापाच्या मेंढ्या आणि कुरण भावांनी वाटून घेतलं होतं आणि ती आपला वाटा मागायला डोंगर उतरून पायी कचेरीत जात होती. बोलता बोलता तिला दम लागत होता, तो आवाजात ऐकू येत होता. मी वाचत होते, आणि माझ्या नकळत ती वऱ्हाडी बोलू लागली होती: मी जाऊन राहिली, मी मागून राहिली, माहे भाऊ हसून राहिले. ट्रंकेच्या तळाचं ते क्रियापद एवढ्या वर्षांनी आपणहून वर आलं होतं, आणि त्याच्या घडीला अजून आईच्या घरचा वास होता.

“डोंगरवालीचं भल्लं तगडं हाये,” रेखा म्हणाली. “थिले मत देल्लं तं आपला नंबर गेला. त्यापक्षा थ्या शिवनकामवाल्याईले देऊ. थे काई निवडून येत नाई.”

“सरपंचाच्या इलेक्शनमधी राहून असं डोकं झालं तुह्यं,” तुळसाबाई म्हणाल्या. पण त्याही घुटमळल्या होत्या. खोली त्यांनाही हवी होती. त्यांनी नंदाकडे पाहिलं. “तुले काय वाट्टे वो?”

नंदा खिडकीच्या गजावर साचलेल्या पिठात बोट ओढत होती. बोट झटकून म्हणाली, “डोंगरवालीले देऊ. थिच्या गावाले तं बसबी नाई.”

“अन् तुह्यी तारीख?”

“माह्यी तारीख माह्यी हाये. थिची थिले.”

यात त्यागाचा काही आवेश नव्हता. तिने फक्त एका बाईचा दम लागलेला आवाज ऐकला होता आणि तो तिला ओळखीचा वाटला होता. रेखाने तोंड वाकडं केलं, मग स्वतःच म्हणाली, “द्या बापा.” तेल्हाऱ्याचं मत डोंगरातल्या त्या बाईला गेलं. तिला ते कधी कळलंही नसेल.

संक्रांतीच्या तोंडावर निकाल आला. मदत दोन्ही गटांना मिळाली. तेल्हाऱ्याला मागितल्यापेक्षा कमी, पण खोली राहील एवढी. या वेळी रेखा पेढे आणायला उठली नाही. “पयले शेवटपर्यंत वाचा,” ती म्हणाली, आणि मी शेवटपर्यंत वाचल्यावरच तिने चपला पायात घातल्या.

ती खोली आता नाही. निधीची मदत काही वर्षांनी संपली, संपणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. गिरणीमागे आज मोबाइलचं दुकान आहे आणि त्याच्या काचेवर निळे दिवे लागतात. गटाच्या बायका आता विहाराच्या व्हरांड्यात बसतात. तिथे जाण्याआधी तुळसाबाईंनी कडी लागणारी मोरी तेवढी बांधून घेतली. तिथे हवा चांगली येते, जागा मोठी आहे. तरी कधीमधी एखादी बाई भिंतीला पाठ टेकते आणि क्षणभर थांबते, तेव्हा मला वाटतं, ती त्या थरथरीची वाट पाहते आहे. मीही पाहते. आई गेली, बडनेऱ्याचं क्वार्टर दुसऱ्यांना मिळालं, ईशा आता दुसरंच काहीतरी काम करते. कधी तिचा निरोप येतो, त्यात ती मुद्दाम लिहिते, ‘मी स्वयंपाक करून राहिली’. वाचून मला इतकं बरं वाटतं, की काय सांगू.

नंदाचं नाव मागच्या उन्हाळ्यात सातबाऱ्यावर चढलं. आज तिच्या वावरात तिच्या नावाची पहिली वेचणी होती, म्हणून मी निघाले होते. पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. उत्तरेकडचा सातपुडा निळा होत चालला होता. बायका कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन तासांतून बाहेर येत होत्या आणि बांधाशी, तीन बांबूंना टांगलेल्या वजनकाट्यासमोर, एकामागे एक उभ्या राहत होत्या. जिची जेवढी वेचणी तेवढी तिची मजुरी, म्हणून दिवस मावळताना प्रत्येकीचं गाठोडं मोजावं लागतं. नंदाही तासातून आली. दिवसभर वाकून ताठरलेली कंबर तिने सरळ केली, आणि आपलं गाठोडं घेऊन ओळीत सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

“काऊन वो नंदे?” तुळसाबाई ओरडल्या. “तू कोनाकडून मोजून घेतं?”

नंदाने आधी मागे वळून पाहिलं, जसं दुसऱ्याच कोणाला विचारलं होतं. मग ओळीतल्या बायका हसू लागल्या आणि तिच्या लक्षात आलं. ती ओळीतून बाहेर आली. पण गाठोडं कुठे ठेवायचं हे तिला सुचेना. ते डोक्यावर तसंच घेऊन ती उभी राहिली, एकदा काट्याकडे पाहत, एकदा आमच्याकडे.

“मंग मोजन कोन?” तिने विचारलं.

“तूच. आनखी कोन?”

तिने गाठोडं काळ्या मातीवर उतरवलं. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि काट्यापाशी गेली. पहिल्या बाईचं गाठोडं हुकाला अडकवलं. गाठोडं झुललं, काटा थरथरू लागला.

“नीट पाय बरं, मालकीनबाई,” तुळसाबाई म्हणाल्या. “माह्या चष्मा देऊ काय?”

“हासू नोका वो,” नंदा म्हणाली. “काटा हालते.”

बायका गप्प झाल्या. या वावरात आजवर दीर मोजत असे, आणि आकडा तो स्वतःशी पुटपुटत असे; ज्या बाईने वेचलं तिलाही तो नीटसा ऐकू येत नसे. नंदा डोळे बारीक करून काट्याकडे पाहत होती. तो स्थिर होईपर्यंत ती थांबली. मग तिने मान वर केली, आणि बांधापासून शेवटच्या तासापर्यंत सगळ्या वावराला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बाईचा आकडा सांगितला.